पेव उघडताना : कोऱ्या वहीपासून एकांकिकेपर्यंत

८ जूनच्या रविवारी सांगलीत आम्ही चौघं बसलो तेव्हा टेबलावर चार कोऱ्या वह्या होत्या आणि डोक्यात एक तारीख होती, ५ नोव्हेंबर. मराठी रंगभूमी दिनाला स्वतः लिहिलेल्या एकांकिकेचं अभिवाचन करायचं, एवढंच ठरलं होतं. विषय नव्हता, पात्रं नव्हती, आणि चौघांपैकी कुणीही आधी एक प्रवेशसुद्धा लिहिलेला नव्हता. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’चा खेळ याच गावात केला. सांगलीत राहून ५ नोव्हेंबर ही तारीख एकदा तोंडातून गेली की ती मागे घ्यायला जीव होत नाही. तारीख आधी आणि विषय नंतर, हा क्रम आम्हाला फार उपयोगी पडला.

मार्चमध्ये ‘पेव’ या आमच्या एकांकिकेच्या कॉपीराइट नोंदणीचं प्रमाणपत्र हातात आलं आणि काम पुरं झालं. कोणत्या क्रमानं काय केलं, कुठे अडलं, किती खर्च आला, हे इथे लिहून ठेवतो आहोत. सर्जनशीलतेवर वाचायला पुष्कळ मिळतं. पण उद्या सकाळी वही उघडून नेमकं काय करायचं, हे आम्हाला कुठे लिहिलेलं सापडलं नव्हतं. सुरुवातीची धास्ती त्यामुळेच होती.

सुचणं ही देणगी की कमाई, हा वाद जुना आहे. अकराव्या शतकात संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटानं काव्याचं कारण सांगताना तीन गोष्टी एकत्र बांधल्या : शक्ती, निपुणता आणि अभ्यास. शक्ती म्हणजे उपजत बीज. निपुणता येते ती लोकव्यवहार, शास्त्रं आणि काव्यं नीट पाहण्यातून. अभ्यास म्हणजे जाणत्याच्या सांगण्यावरून पुन्हा पुन्हा करणं. पहिली गोष्ट आपल्या हातात नाही, उरलेल्या दोन आहेत. आमचं सगळं वेळापत्रक या दोन शब्दांवर बेतलेलं होतं. जून-जुलै निपुणतेसाठी, ऑगस्ट ते ऑक्टोबर अभ्यासासाठी.

९ जून ते ६ जुलै, चार आठवडे, फक्त नोंदी. प्रत्येकानं रोज तीन. नोंदीत जागा हवी, एखादी वस्तू किंवा हाताची हालचाल हवी, आणि ऐकलेला शब्द जसाच्या तसा हवा. मत नको. हे ऐकायला सोपं वाटतं, पण पहिल्या आठवड्यातल्या जवळजवळ सगळ्या नोंदी टाकून द्याव्या लागल्या. नमुना म्हणून एक : ‘गणपती पेठेत खूप गर्दी. प्रत्येकाला घाई. माणुसकी हरवत चालली आहे.’ यातून नाटकाला काहीही मिळत नाही, कारण पाहणाऱ्यानं पेठेत न जातासुद्धा हे लिहिलं असतं. त्याच पेठेतली दुसऱ्या आठवड्यातली नोंद अशी : ‘दुकानदार नोटा मोजतो. दर दहाव्या नोटेला थांबून गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघतो, मग पुढे.’ या दोन ओळींत एक पात्र आहे, त्याचा संशय आहे आणि नटाला करायला काम आहे.

नोंद मताकडे का घसरते, याचं कारणही हळूहळू लक्षात आलं. आपण जागेवर लिहीत नाही, रात्री आठवून लिहितो. आठवणीत तपशील राहत नाही, निष्कर्ष तेवढा राहतो. म्हणून वही खिशात मावेल अशी घ्या. आमच्या दोनशेपानी वह्या दहा दिवसांत घरी राहायला लागल्या. मग पंधरा रुपयांच्या छोट्या डायऱ्या आणल्या आणि नोंदींची संख्या वाढली. ठरल्याप्रमाणे चौघांच्या अठ्ठावीस दिवसांच्या ३३६ नोंदी व्हायला हव्या होत्या. झाल्या २४१. सगळ्यांना क्रमांक दिले. पुढे कुठल्या ओळीचं मूळ कुठे, हे शोधताना या क्रमांकांनी फार वेळ वाचवला.

याच काळात दर रविवारी एक व्यायाम असायचा. एका रोजच्या वस्तूचे जितके सुचतील तितके उपयोग दहा मिनिटांत लिहायचे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड यांनी १९५० साली सर्जनशीलतेच्या संशोधनाकडे मानसशास्त्राचं लक्ष वळवलं, आणि वस्तूंच्या उपयोगांची ही चाचणीही त्यांच्याच नावाशी जोडलेली आहे. त्यांच्याकडे वीट असायची. आम्ही पोतं घेतलं. तपासताना चार गोष्टी पाहायच्या : उपयोग किती सुचले, किती वेगवेगळ्या जातींचे, इतरांना न सुचलेले किती, आणि प्रत्येकात तपशील किती. पहिली तीन-चार मिनिटं सगळ्यांची यादी सारखीच येते. धान्य भरणं, पायपुसणं, पावसात डोक्यावर खोळ. मग हात थांबतो, काही सुचत नाही, आणि बहुतेक लोक तिथे पेन खाली ठेवतात. वेगळं जे काही येतं ते या थांब्यानंतर येतं, कारण स्मरणातली तयार उत्तरं तोवर संपलेली असतात. एका रविवारी आठव्या मिनिटाला कागदावर आलं : ‘रिकाम्या पोत्यावर बसून वाट बघणं’. त्या दिवशी त्याचं काहीच वाटलं नाही. आज ते आमच्या एकांकिकेचं पहिलं दृश्य आहे. म्हणून दहा मिनिटांचा गजर लावा आणि तो वाजेपर्यंत उठू नका, कागद कोरा राहिला तरी.

एकत्र बसून बोलत बोलत कल्पना काढण्याची पद्धत आम्ही मुद्दाम टाळली. १९५८ साली येल विद्यापीठात झालेल्या प्रयोगात असं दिसलं की, एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा वेगवेगळे बसून लिहिणाऱ्या चौघांच्या कल्पना मिळून जास्त आणि चांगल्या भरतात. एक बोलत असताना बाकीचे ऐकतात, आणि त्या ऐकण्यात स्वतःची कल्पना निसटते. शिवाय मोठ्यानं बोलणाऱ्याचाच विषय पुढे सरकतो. म्हणून आमच्या बैठकीत आधी वीस मिनिटं कुणी बोलायचं नाही, लिहायचं. मग कागद मध्ये ठेवायचे, नाव न लिहिता. चर्चा त्यानंतर. असाच आणखी एक नियम म्हणजे, या चार महिन्यांत स्पर्धेतल्या गाजलेल्या एकांकिकांच्या चित्रफिती बघायच्या नाहीत. समोर नमुना असला की माणूस त्यातले दोषसुद्धा उचलतो, हे अभियंत्यांवरच्या १९९१ सालच्या एका प्रयोगात स्वच्छ दिसलं आहे. चुका टाळा असं सांगितलेलं असूनही ते नमुन्यातल्या चुका गिरवत होते. एरवी नाटकं भरपूर बघावीत. फक्त स्वतःचा खर्डा हातात असताना नकोत.

१३ जुलैला जुळणी केली. २४१ नोंदींतून प्रत्येकानं दहा निवडल्या आणि त्या चाळीस चिठ्ठ्यांवर उतरवल्या. दोन डबे घेतले. एकात वस्तू, जागा, कामाच्या पद्धती. दुसऱ्यात माणसं आणि त्यांची वाक्यं. दोन्हींतून एकेक चिठ्ठी काढायची आणि पंधरा मिनिटांत त्यातून एक प्रसंग लिहायचा. प्रसंग म्हणजे : कुणाला काहीतरी आत्ता हवं आहे आणि ते मिळत नाही. एवढी अट पाळली नाही तर नुसती वर्णनं जमतात. तीन रविवारांत आम्ही अशा सत्तावीस जोड्या लावल्या.

बहुतेक जोड्या फसल्या, आणि त्या का फसल्या हे सांगण्यासारखं आहे. चिठ्ठ्या फार जवळच्या निघाल्या, म्हणजे बेदाण्याचा सौदा आणि अडत्याचं वाक्य, तर प्रसंग अपेक्षेप्रमाणेच जातो. फार लांबच्या निघाल्या, म्हणजे सतारीचा भोपळा आणि एसटीतला वाहक, तर त्यांना जोडायला इतकी सारवासारव करावी लागते की प्रसंगात जोडणीच दिसत राहते. चांगली जोडी अशी असते, की दोन्हींत एकच क्रिया लपलेली असते. ती पटकन दिसत नाही, पण एकदा दिसली की सोडवत नाही.

२७ जुलैला निघालेल्या दोन चिठ्ठ्या अशा होत्या. क्रमांक ८८ : ‘हरिपूर. पेवात उतरण्याआधी कंदील सोडतात. विझला तर उतरायचं नाही.’ क्रमांक १९३ : ‘पुण्यातला मुलगा रोज सकाळी फोनवर : पाणी किती फुटांवर आलं?’

सांगलीबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. हळद साठवण्यासाठी सांगलीजवळच्या हरिपूर परिसरात जमिनीत खणलेली पेवं आहेत. तोंड अरुंद, पोट मोठं. हळद भरून तोंड लिंपून बंद केलं की आतल्या हवेतला प्राणवायू संपत जातो, त्यामुळे कीड जगत नाही आणि माल वर्षानुवर्षं टिकतो. ज्यामुळे हळद टिकते त्याचमुळे माणूस आत गुदमरतो, म्हणून पेव उघडून हवा खेळू द्यावी लागते. २००५ च्या महापुरात पाणी शिरून बरीच पेवं निकामी झाली. आणि फुटांचं म्हणाल तर पावसाळ्यात अख्खं गाव कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पातळी विचारत असतं : ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका.

दोन्ही चिठ्ठ्यांत लपलेली क्रिया एकच निघाली. खोलीचा अंदाज घेत वर थांबणं. कंदील खाली सोडून थांबायचं, फोन लावून थांबायचं. त्या पंधरा मिनिटांत कागदावर आलं ते असं : वडील गेल्यावर जागा विकायला पुण्याहून आलेला भाऊ, इथेच राहिलेली बहीण, आणि पेवाचं काम माहीत असलेला एक म्हातारा. पेव कित्येक वर्षं बंद आहे. आत काय आहे कुणी सांगत नाही. कंदील तीनदा सोडतात. एकांकिका म्हणजे ते तीन थांबे.

त्या रात्री झोप लागली नाही, आनंदानं. पण असा आनंद झाल्या झाल्या लिहायला बसू नये. आधी बंधनं लिहून काढली. जागा एक, पेवाचं तोंड. पात्रं तीन. वेळ पस्तीस मिनिटं, आणि रंगमंचावरचा काळ मागे-पुढे होणार नाही. कुणाचंही बोलणं सलग पाच ओळींपेक्षा जास्त नाही. ध्वनिमुद्रित संगीत नाही. बंधनांनी कल्पनाशक्ती आवळली जाते ही समजूत चुकीची आहे. जागा बदलण्याची सोय असती, तर वडिलांचं घर दाखवून मोकळे झालो असतो. ती सोय नव्हती म्हणून वडील कसे होते हे लिंपलेल्या तोंडावरच्या बोटांच्या ठशांतून सांगावं लागलं, आणि ते कितीतरी जास्त बोलतं.

मग अडलं. २८ जुलै ते १३ ऑगस्ट, सतरा दिवस एक ओळ पुढे गेली नाही. प्रश्न असा होता : हे तिघं का थांबतात? निघून का जात नाहीत? भावाला व्यवहार उरकायचा आहे, बहिणीला भावाशी बोलायचं नाही, म्हाताऱ्याला घरी जायचं आहे. कुणीही पहिल्या पाच मिनिटांत उठून गेलं तरी चाललं असतं. आम्ही उपाय म्हणून पाऊस आणला, भांडण आणलं, चौथं पात्र आणलं. सगळं बाहेरून आणलेलं होतं आणि तसंच वाटत होतं. हा काळ फार जड जातो. विषयच चुकला असं वाटायला लागतं आणि दुसरा विषय एकदम सुंदर दिसू लागतो. त्या वेळी विषय बदलू नका. निदान दोन आठवडे थांबा.

थांबण्यालाही रीत आहे. अडलेला प्रश्न एका वाक्यात, प्रश्नचिन्हासह, कागदावर लिहून ठेवायचा. ‘दुसरा थांबा जमत नाही’ हा प्रश्न नव्हे. ‘बहीण पेवाजवळून उठून का जात नाही?’ हा प्रश्न. मग तो बाजूला ठेवून हाताला दुसरं काम द्यायचं, शक्यतो डोक्याला न शिणवणारं. आम्ही संध्याकाळी हरिपूरच्या रस्त्यानं चालायचो, न बोलता. चालताना सुचतं हा नुसता समज नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१४ सालच्या प्रयोगांत चालणाऱ्यांना बसलेल्यांपेक्षा जास्त नव्या कल्पना सुचल्याचं आढळलं. मात्र आधी भरपूर डोकं खपवलेलं असेल तरच या विश्रांतीतून काही निघतं. नोंदी नाहीत, जोड्या नाहीत, प्रश्न नाही, आणि नुसतंच चालायला गेलात, तर व्यायाम तेवढा होईल.

१४ ऑगस्टला उत्तर आलं ते २७ जुलैचा प्रसंग नुसता स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहिताना. ‘बंद केलं’ असा शब्द लिहिला आणि लक्षात आलं की पेव कुणी बंद केलं, हे आम्ही ठरवलंच नव्हतं. वडिलांनी लिंपलं, तेव्हा शेजारी बहीण उभी होती. तिला आत काय आहे ते माहीत आहे. म्हणून ती जात नाही, आणि म्हणूनच दरवेळी ‘अजून थोडं थांबू’ असं तीच म्हणते. चौथं पात्र, पाऊस, भांडण, सगळं एका क्षणात गळून पडलं.

दुसऱ्याच दिवशी लिहायला बसायची घाई झाली होती, पण आधी हरिपुरात पेवांवर पूर्वी काम केलेल्या एका मामांकडे गेलो आणि प्रसंग सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “तुमचं समदं उलटं हाय. तोंड फोडलं की त्याच घडीला कंदील कशाला सोडताय? आदल्या दिशी फोडायचं, रातभर वारं लागू द्यायचं. मग सकाळी कंदील.” आमची एकांकिका तर तोंड फोडण्यापासून सुरू होत होती. परत येताना सगळे गप्प होते. पण घरी आल्यावर नोंद केली आणि दिसलं, की हे आमच्या कल्पनेपेक्षा कितीतरी चांगलं आहे. पेव आदल्या संध्याकाळी फोडलेलं, म्हणजे तिघं रात्रभर त्याच्या भोवती आहेत. पडदा उघडतो तो पहाटे, पोत्यांवर बसलेल्या माणसांवर. खरी कामाची पद्धत विचारा, तिच्यात नाटक आधीपासून असतं. विचारायला जाताना मात्र आपली गोष्ट आवडली का असं विचारू नका. यात चूक काय आहे, एवढंच विचारा. (आणि एक सांगायलाच हवं : जुनं पेव, विहीर, टाकी यांत उतरण्याचा प्रयोग कुणीही करू नये. कंदील प्राणवायू कमी आहे एवढंच सांगतो, विषारी वायू ओळखत नाही.)

पहिला खर्डा १७ ऑगस्ट ते ७ सप्टेंबर. चौघांनी थांबे वाटून घेतले, ही चूक झाली. चार हातांची भाषा चार तऱ्हेची आली. भाऊ एका थांब्यात ‘अगं ताई’ म्हणायचा, दुसऱ्यात तिला नावानं हाक मारायचा. शेवटी एकानंच बसून सगळं पहिल्यापासून पुन्हा लिहिलं, बाकीच्यांनी फक्त वाचून खुणा केल्या. मोठ्यानं वाचून घड्याळ लावलं तर अठ्ठावन्न मिनिटं भरली. हवी होती पस्तीस.

कापाकापीला तीन आठवडे लागले, आणि सगळ्यात जास्त शिकायला इथे मिळालं. पहिली साडेतीन पानं सरळ काढली; लिहिणाऱ्याला विषयात शिरायला जी पानं लागतात ती प्रेक्षकाला लागत नाहीत. मग समोरच्याला माहीत असलेली माहिती सांगणारी वाक्यं शोधली. पहिल्या खर्ड्यात बहीण म्हणायची : “तुला आठवतं ना, २००५ साली महापूर आला होता, तेव्हा आपल्या बाबांनी हे पेव लिंपून बंद केलं होतं आणि तू तेव्हा पुण्यात शिकायला होतास.” भावाला हे सगळं ठाऊक आहे, हे प्रेक्षकांसाठी बोललेलं आहे आणि तसंच ऐकू येतं. तिसऱ्या खर्ड्यात ते असं झालं : “बाबा लिंपत होते तेव्हा तू फोन केला होतास. पाणी किती फुटांवर आलं म्हणून.” माहिती तीच, पण आता ती टोचते. प्रत्येक ओळीसमोर समासात एक क्रियापद लिहायचं : टाळते, डिवचतो, चाचपतो. ज्या ओळीसमोर ‘सांगते’ एवढंच लिहिता येतं, ती कापायची. पाचव्या खर्ड्याला छत्तीस मिनिटं झाली आणि आम्ही थांबलो. प्रत्येक खर्डा तारीख घालून वेगळा ठेवा, जुन्यावर नवा लिहू नका. दुसऱ्या खर्ड्यातली कापलेली एक ओळ चौथ्यात परत आली.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिघा-तिघांच्या दोन गटांना वाचून दाखवलं. संस्कृत काव्यशास्त्रकार राजशेखरानं प्रतिभेचे दोन प्रकार मानले आहेत, निर्माण करणाऱ्याची कारयित्री आणि आस्वाद घेणाऱ्याची भावयित्री. ऐकणाऱ्याचीही प्रतिभाच असते हे लक्षात ठेवलं की त्याच्याकडून कामाचं काही मिळतं. ‘कसं वाटलं?’ असं विचारलं तर ‘छान’ हे उत्तर ठरलेलं आहे. आम्ही प्रत्येकाला एकेक प्रत आणि पेन्सिल दिली आणि मन भरकटलं तिथे फुली मारायला सांगितलं. पान ११ वर सहापैकी पाच फुल्या पडल्या. ते पान आमचं सगळ्यांचं लाडकं होतं. काढून टाकलं.

आता कागदपत्रं. लेखन झालं की त्यावर लेखकाचा हक्क आपोआप निर्माण होतो; नोंदणी सक्तीची नाही. नोंदणीचा फायदा एवढाच, की वाद झाला तर नोंदवहीतला उतारा सकृद्दर्शनी पुरावा मानला जातो. आणि हक्क मिळतो तो मांडणीवर, कल्पनेवर नाही. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं एका नाटक-चित्रपटाच्या वादात हे स्पष्ट केलं आहे. उद्या दुसरं कुणी पेवावर नाटक लिहिलं तर ते खुशाल लिहावं.

अर्ज कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर २९ सप्टेंबरला भरला. नमुना क्रमांक १४, सोबत तपशिलाची दोन विवरणपत्रं, सहीचं स्कॅन, संहितेची पीडीएफ. नाट्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये, भरणा ऑनलाइन. पैसे भरल्यावर डायरी क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा, पुढची सगळी चौकशी त्यावरच होते. त्यानंतर तीस दिवस सक्तीची प्रतीक्षा, कुणाची हरकत असेल तर ती यावी म्हणून. मग तपासणी. आमच्याकडून दोन चुका राहिल्या होत्या. अर्जात शीर्षक ‘पेव’ आणि संहितेच्या पहिल्या पानावर ‘पेव – एकांकिका’. आणि लेखक चार, अर्जदार एक. उरलेल्या तिघांची ना-हरकत पत्रं जोडायची राहिली. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्रुटींचं पत्र आलं, उत्तराला तीस दिवसांची मुदत. पत्र पाहून अर्ज फेटाळला की काय अशी भीती वाटली, तसं नसतं. सहा दिवसांत दुरुस्त कागद पाठवले. तुम्ही गटानं लिहीत असाल तर ही पत्रं पहिल्या दिवशीच सह्या करून ठेवा, आणि शीर्षक सगळीकडे अक्षरशः एकच ठेवा. अप्रकाशित म्हणून नोंदवलेली संहिता पुढे छापली, तर तपशिलातला बदल नमुना १५ वर नोंदवता येतो. प्रेक्षकांसमोर प्रयोग करायचा तर नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र वेगळं लागतं. त्याचा आणि कॉपीराइटचा संबंध नाही. आमचा बराच काळ हाच गोंधळ होता.

अभिवाचनापुरतं सामान थोडंच केलं. अडीच फुटांची लाकडी चौकट, तिच्यावर काळं कापड, हे पेवाचं तोंड. कंदिलात खरी ज्योत ठेवली नाही. काच काढून आत पिवळा एलईडी दिवा बसवला, बॅटरी बुडाच्या टाकीत, आणि दोराच्या पिळातून बारीक वायर वर आणून बटण म्हाताऱ्याच्या मुठीत दिलं. पहिल्यांदा साधं बटण होतं तर दिवा फट्‌कन विझायचा, आणि तो विजेचा आहे हे लगेच कळायचं. मंदक (डिमर) बसवल्यावर ज्योत बारीक होत जाते तसा उजेड ओसरायला लागला. त्याला १८० रुपये पडले. बाकी खर्च असा : वह्या-डायऱ्या २६०, टंकलेखन घरी, पाच खर्ड्यांच्या झेरॉक्स आणि बांधणी ११४०, चौकट आणि कापड ७५०, छोट्या सभागृहाचं भाडं १२००, नोंदणी ५००. म्हणजे ४०३० रुपये, चहा सोडून.

५ नोव्हेंबरला त्रेचाळीस माणसं आली. सदतीस मिनिटं लागली. तिसऱ्यांदा कंदील खाली गेला तेव्हा मागच्या रांगेतली माणसं उठून बघायला लागली, चौकटीत काळ्या कापडाशिवाय काही नाही हे माहीत असूनही. वाचन संपल्यावर एक वयस्क बाई पुढे आल्या. त्यांच्या माहेरी पेव होतं. म्हणाल्या, “सगळं बरोबर आहे, पण तुमचा म्हातारा दोर धरून बोलतो. दोर धरलेला माणूस बोलत नाही. त्याचं सगळं लक्ष हातात असतं.” ती नोंद क्रमांक २४२. म्हाताऱ्याच्या, दोर हातात असतानाच्या एकोणीस ओळी होत्या. त्या सगळ्या काढल्या, आणि त्या शांततेत भावाला पहिल्यांदा बहिणीशी बोलावं लागलं.

प्रमाणपत्र ११ मार्चला आलं. त्यावर नोंदलेली संहिता सप्टेंबरची आहे, तिच्यात म्हातारा बोलतो. प्रयोगासाठी परिनिरीक्षण मंडळाकडे जी प्रत पाठवली आहे, तिच्यात तो दोर हातात घेतो तेव्हापासून पान २१ पर्यंत गप्प आहे.